गोड्या पाण्याची पेटी

तिघी उलट्या तरंगत होत्या. पाणपालीची पाठ काळी असते, खाडीच्या चिखलासारखी, आणि पोट लालभडक. एरवी ते पोट दिसत नाही. काचेवर चढताना जरासं दिसलं तर दिसलं. त्या संध्याकाळी तिन्ही पोटं एकदम वर होती आणि त्यांच्यामधून बर्फाचे तुकडे फिरत होते. एकीची शेपटी हलली. मी वाकून पाहिलं. शेजारचा बर्फ वळला म्हणून हलली होती.

आमचा म्हातारा काचेच्या पेटीसमोर खुर्चीत बसला होता. पट्ट्या बांधलेला पाय स्टुलावर. हातात पुठ्ठा घेऊन तो पेटीला वारा घालत होता. लाइट सकाळपासून गेलेली. तो घामाने निथळत होता, पण स्वतःला वारा घेत नव्हता.

"आवाज करू नको," तो म्हणाला. "आत्ता कुठे गार पडल्यात."

मी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारं.

"मीठ घातलंत पेटीत?"

"बर्फावर घातलं. पाण्यात कुठे घातलं?"

"मेल्यात त्या."

"झोपल्यात."

"पोट वर करून तुम्ही झोपता. ह्या मेल्यात."

माझी मुलगी कल्पना माझ्यामागे उंबऱ्यातच थांबली होती. तिने ओढणी तोंडाला लावली आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, आधी मोरीतली जुनी गाळणी आण, मग रड.

आता परत आगोट आली आहे म्हणून हे सगळं वर आलं. पावसात होड्या ओढून ठेवलेल्या असतात, ताजं म्हावरं मिळत नाही, म्हणून वैशाखातच घर भरून घ्यायचं, त्याला आमच्याकडे आगोट भरणं म्हणतात. सुके बोंबील, सुकट, वाणगावची मिरची, कांद्याच्या माळा, आणि जाडं मीठ. मिठाची गोण दाराआड भिंतीला टेकून उभी असते. जाता-येता तिला हात लागतो आणि हात ओलसर होतो. डहाणूच्या खाडीवर ह्या दिवसांत सकाळचा वारा दहा वाजेपर्यंत टिकतो, मग पडतो, आणि मग पत्र्याखाली बसलेल्या माणसाचं डोकं आणि डब्यातलं पीठ, दोन्ही सारखंच गरम होतं. बाहेर बोंबील वाळत असतात. गल्लीत कोणीतरी मिरची कांडून आणलेली असते, सगळे शिंकत असतात. त्या वासाबरोबर मला अजून एक वास येतो, जो आता घरात नाही. पायाचा.

म्हातारा तांडेल होता. होडीवर सगळ्यांत मोठा माणूस तांडेल. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी परतायचं, तो सांगणार आणि बाकीचे खलाशी ऐकणार. त्याच्या शब्दावर परत विचारायचं नाही. भर समुद्रात प्रत्येक जण विचारत बसला तर होडी बुडेल, म्हणून ती रीत. पण ही रीत तो घरातही आणायचा. भाजीत मीठ जास्त झालं असं तो म्हणाला की जास्त झालं. पोरीला तलासरीला द्यायचं म्हणाला की द्यायचं. मी एकटीच परत विचारायची, म्हणून आमच्या घरात रोज वादळ.

त्याला साखरेचा आजार होता, आणि त्यातच पायात फळीचा खिळा घुसला. साखरेने पाय बधिर झालेला, त्याला कळलंच नाही. खिळा पायात घेऊन तो बंदरावरून घरी चालत आला. मीच चप्पल काढताना रक्त बघितलं. दिवाळीच्या सुमाराला दोन बोटं कापली. ती कापून आल्यावर तो बायाबापड्यांना सांगायचा, "दोन बोटं देवाला दिली, आठ माझी." लोक हसायचे. मला हसू आलं नाही, कारण पट्टी मी बदलत होते, आणि तिसरं बोट काळं पडत होतं.

शिमगा झाल्यावर वापीच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, गुडघ्याखालून काढावा लागेल. म्हातारा त्याच्यावर ओरडला. डॉक्टरने त्याच्याकडे बघणं सोडलं आणि मला विचारलं, "माँजी, पग बचाना है के आदमी?"

मी म्हटलं, "आदमी."

म्हातारा म्हणाला, "पग."

आम्ही परत आलो.

अशा वेळी त्या पाणपाली घरात आल्या. माझा जावई अच्छाडच्या नाक्याजवळ चहाची टपरी चालवतो. तिथे गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. शोभेचे मासे घेऊन सुरतेकडे निघालेला एक टेम्पो होता. त्यातली थर्माकोलची पेटी फुटली. पाण्याने आणि हवेने फुगवलेली एक पिशवी ड्रायव्हरने जावयाच्या हातात दिली आणि म्हणाला, "रख लो, वैसे भी मरने वाले हैं." पिशवीत पाच होत्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. कल्पनाने मोबाइलवर फोटो जुळवून बघितले. ह्यांना न्यूट म्हणतात, पालीच्या नाही, बेडकाच्या जवळच्या, थंड मुलखातल्या, पाण्यातही राहतात आणि दगडावरही. दुसऱ्या दिवशी ती एसटीने पिशवी मांडीवर घेऊन आमच्याकडे आली.

"बाबांना पाण्यातलं कळतं," ती म्हणाली.

"बाबांना मेलेलं कळतं," मी म्हटलं. "जिवंत मासा तुझ्या बापाने होडीवर घटकाभर बघितलाय. मग तो बर्फात."

पण म्हातारा पिशवी डोळ्यांसमोर धरून बसला होता. महिनाभरात त्याने पहिल्यांदाच कोणाला शिवी न देता काहीतरी विचारलं. "काय नाव म्हणालीस?"

"न्यूट."

"नूट की बूट. पाण्यातली पाल ती पाणपाल."

झालं. पेटीचं काम सुरू झालं. कल्पना मोबाइलमध्ये बघून सांगायची, म्हातारा खुर्चीतून हुकूम सोडायचा आणि उचलाउचल माझ्याकडे. डहाणू रोडच्या बाजारातून काचेची पेटी आणली. ती टेबलावर ठेवायची नाही, जमिनीवर ठेवायची, उत्तरेच्या भिंतीला, कारण खाली गारवा असतो. पाणी निम्म्यापेक्षा कमी. एका बाजूला दगड रचून वर एक जुनं मंगलोरी कौल तिरकं टेकवलं, म्हणजे त्यांना पाण्याबाहेर येऊन बसता येईल. हवेचा पंप लावला तर त्या कोपऱ्यात एकमेकींना धरून बसल्या, तो काढून टाकला. त्यांना वाहतं पाणी सोसत नाही.

पाण्याचाच घोळ मोठा. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, समुद्र जवळ. ते चालत नाही, मिठाचा अंश नको. नळाच्या पाण्यात औषध असतं, तेही चालत नाही. म्हणून नळाचं पाणी पातेल्यांत भरून, वर फडकं बांधून, दिवसभर ठेवायचं, मग घालायचं. घरात पाय ठेवायला जागा नाही एवढी पातेली. शेजारीण आत डोकावली की विचारायची, काकी, लग्न आहे का? मी म्हणायचे, हो, पाच नवऱ्या आहेत, नवरा शोध.

खायला गांडुळं. चैत्रात जमीन दगड झालेली, गांडूळ खोल गेलेलं. मी मोरीच्या सांडपाण्याजवळ केळीची सालं पुरून ठेवायचे, त्यात थोडी मिळायची. ती धुऊन, कात्रीने तुकडे करून, चिमट्याने द्यायची. कात्रीखाली गांडुळाचा अर्धा भाग इकडे वळवळतो, अर्धा तिकडे. म्हाताऱ्याला ते बघायला आवडायचं. "कसा जातो बघ, दोन्हीकडून जातो," असं म्हणायचा आणि मग स्वतःच्या पायाकडे बघायचा.

हे करताना त्याच्या पायातलं काळं वर चढत होतं. मी रोज पट्टी सोडायचे. काळं कुठपर्यंत आलं ते मला सांगायची गरज नव्हती. त्यालाही दिसत होतं. पण तो पेटीकडे तोंड करून बसायचा.

पाचातली एक आधीच गेली होती. पहिल्या आठवड्यात पेटीला झाकण नव्हतं. ती ओली काच चढून बाहेर पडली. आम्ही घरभर शोधली. मग मी कपाट सरकवलं, तर मागे भिंतीशी मिळाली. वाळून काडी झालेली. अंगाला धूळ आणि केस चिकटलेले. हातात घेतली तर सुकटीसारखी हलकी आणि कडक. मी ती म्हाताऱ्यापुढे धरली.

त्याने उलटसुलट करून बघितली. "आगोटीला एक झाली," तो म्हणाला. "भाज."

त्याच दिवशी त्याने झाकण विणायला घेतलं. होडीवर जाळं फाटलं की तोच सांधायचा. त्याची जाळ्याची सुई माळ्यावर होती, ती काढून दिली. बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, मुंगीही विचार करेल असं त्याने ते जाळं विणलं, चारही कडांना शिसं लावलं. बोटं चालत होती तेव्हा त्याचं तोंड बंद असायचं. त्याचा पाय सोडला तर बाकीचा माणूस बरा होता, हे मला ते बघताना कळत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

गुढीपाडव्यानंतर एका सकाळी एकीला तीनच पाय दिसले. पुढचा उजवा खांद्यापासून गायब. खाणं कमी पडलं की ह्या एकमेकींना चावतात. दुसरीच्या तोंडात तो पाय अजून होता, छोटी बोटं बाहेर. तिने दोन हिसके देऊन तो गिळला. कल्पना त्या दिवशी आलेली होती. तिने मोबाइल बघितला आणि आनंदाने ओरडली, "आई, बाबा, पाय परत येतो ह्यांना! अख्खा येतो. हाडासकट, बोटांसकट!"

ती हे बोलली आणि बोलल्यावर तिला कळलं आपण कोणासमोर बोललो. म्हातारा पेटीकडे वाकला. मग म्हणाला, "किती दिवसांत?"

"दोन-तीन महिने लागतात."

"ठरलं मग," तो म्हणाला. "ह्या लंगडीचा पाय येऊ दे. तो मी बघणार. मग या सुरी घेऊन."

कल्पनाला वाटलं बाबा थट्टा करतात. मी त्याच्याशी संसार केलेला. तो तांडेलाचा शब्द होता.

मी म्हटलं, "तिचा पाय आषाढात येईल. तोवर तुमचं काळं मांडीला लागेल. मग गुडघ्याखाली कापून भागणार नाही."

"मग अख्खा जाईन."

"अख्खे जाळले काय, पाय सोडून जाळले काय, लाकूड तेवढंच लागतं."

कल्पना म्हणाली, "आई, असं काय बोलतेस!" पण म्हातारा हसला. त्याला माझं हे बोलणं आवडायचं. गोड बोलणाऱ्या बाईबरोबर तो चार दिवस राहिला नसता. काय गो, म्हणाला, लाकडाचं ठरवून ठेवलंस वाटतं.

लंगडीला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणं भाग होतं, नाहीतर उरलेले तीन पायही गेले असते. म्हातारा म्हणाला, प्लास्टिकच्या टबात घाल आणि माझ्यासमोर ठेव. टबात माझे बोंबील होते. म्हणून मी जुनं रुंद तोंडाचं मातीचं मडकं घेतलं, त्यात चार बोटं पाणी आणि कौलाचा तुकडा घातला, तोंडावर उरलेल्या जाळ्याचा तुकडा बांधला, आणि माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. त्याला ते पटलं नाही. दिसत नाही म्हणायचा. रोज सकाळी मडकं त्याच्यासमोर न्यायचं, त्याने जाळं उचलून बघायचं, बोटाच्या पेराने खांद्याजवळची जागा दाखवायची. "आलं काय?" "नाही आलं." मग मडकं परत माठाजवळ. हे रोजचं. देवपूजा घरात माझ्याकडून कधी चुकायची, हे चुकायचं नाही.

वैशाख लागला तशी पेटी तापायला लागली. दुपारी त्या वर येऊन तोंडं बाहेर काढायच्या. पेटीभोवती ओलं गोणपाट, वर टेबलफॅन, आणि फ्रिजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. एक बाटली, बूच घट्ट लावून, पाण्यात तरंगत सोडायची. ती विरघळली की दुसरी. बर्फ पाण्याला लागायचा नाही, बाटलीतच राहायचा. हे त्याने आठवड्यांमागून आठवडे केलं, माझ्यादेखत. त्याला माहीत होतं. म्हणून मला आजही कळत नाही.

त्या दिवशी कल्पना आणि मी वापीला गेलो. त्याला न विचारता तारीख घ्यायची असं मी ठरवलं होतं. लपवाछपवी केली नाही. निघताना त्याला सांगितलं, "पाय कापायची तारीख घ्यायला चाललेय."

"पाय माझा आहे."

"वास माझ्या घरात आहे."

तो म्हणाला, जा, मी येणार नाही. आदल्या दिवसापासून त्याच्या अंगात ताप होता. डोळे चमकत होते. मी त्याच्या हाताशी पाणी, भाकर, फोन ठेवला आणि गेलो आम्ही. डॉक्टरने तारीख दिली आणि म्हणाला, उशीर झालाय, आता लवकर आणा.

मागे काय झालं ते बाब्याने सांगितलं. बाब्या म्हाताऱ्याच्या होडीवरचा जुना खलाशी, आता त्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्यात. पावसाआधीची कामं म्हणून लाइन बंद केलेली होती. पंखा बंद, फ्रिज बंद. बाटल्या एकेक करून विरघळल्या. दुपारी पाणपाली कौलावर चढून, तोंडं आ करून पडल्या. म्हाताऱ्याने बाब्याला फोन केला आणि बंदरावरून फोडलेला बर्फ मागवला. बाब्या स्कूटरवर खोका घेऊन आला.

"ओत," म्हातारा म्हणाला.

त्याने ओतला.

"मीठ मार वरून."

लांबच्या फेरीला म्हातारा होडीवर असंच करायचा. बर्फावर जाडं मीठ मारलं की गारवा कडक धरतो, मासा किनाऱ्यापर्यंत ताठ राहतो. दुसरे तांडेल करत नसत. त्याला त्याचा अभिमान होता. आगोटीची गोण दाराआड होतीच. बाब्याने ओंजळीने मारलं.

मी बाब्याला विचारलं, "तुला दिसलं नाही, गोडं पाणी आहे ते? घरभर पातेली भरलेली दिसली नाहीत?"

"दिसली, काकी."

"मग?"

"तांडेल बोलला ना."

"तांडेलाला ताप होता!"

"ते मला काय माहीत. आवाज होडीवरचाच होता."

तो रडत होता आणि मिशा पुसत होता. पांढऱ्या मिशांचा माणूस रडताना वाईट दिसतो. आयुष्यभर दोघांनी बर्फ मेलेल्यांवर घातला. जिवंत कशाला गार ठेवायचं असतं तर वेगळं करावं लागतं, हे एकाला तापात आठवलं नाही, आणि दुसऱ्याला आठवत होतं पण विचारायची सवय नव्हती.

गाळणीने मी तिघींना काढलं. एरवी बुळबुळीत असतात, हातातून निसटतात. त्या दिवशी निसटल्या नाहीत. मागच्या उकिरड्यावर टाकल्या. आमची मांजर धावत आली, हुंगून मागे सरकली. त्यांच्या कातडीत विष असतं, मांजराला कळतं. कावळाही उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी नेल्या.

परत आत आले तेव्हा म्हातारा खारं पाणी असलेल्या रिकाम्या पेटीकडे बघत होता. त्याने पुठ्ठा खाली ठेवला होता.

"लंगडी?" तो म्हणाला.

"माठाजवळ आहे. जिवंत आहे."

"तिला माझ्यासमोर ठेव म्हणालो होतो मी."

"हो. ठेवली असती तर तीही गेली असती."

मडकं आण म्हणाला. आणलं. खांद्याजवळ मोहरीएवढा पांढरा कोंब होता. त्याने बराच वेळ बघितलं. हात लावायला गेला आणि मागे घेतला, हाताला पेटीतलं खारं पाणी लागलेलं होतं.

"बाब्याला बोलव," तो म्हणाला. "रिक्षा आणू दे. काय कापायचं ते कापा."

लोक ह्यातून काहीतरी काढतात. कल्पनाही काढते. म्हणते, बाबांना त्या मेलेल्या बघून अक्कल आली. अक्कल कसली. त्याने एक हुकूम दिला, तो पाळला गेला आणि सगळं मेलं. तांडेलाची होडी बुडाल्यावर तो दुसरा काय करणार? लोकांना पाणपालीचा पाय आणि माणसाचा पाय शेजारी ठेवून डोळ्यात पाणी आणायलाही आवडतं. मला त्यात काही दिसत नाही. तिला पाय येतो, तिची जात तशी आहे. त्याला येणार नव्हता, त्याची जात तशी आहे.

गुडघ्यावरून कापला. खालून कापायची वेळ गेली होती. शुद्धीवर आल्यावर त्याने चादर चाचपली आणि मला विचारलं, "कुठे टाकला?"

"विचारलं नाही."

"विचारायचं होतंस. मांजराने खाल्ला असता की नाही ते कळलं असतं."

नर्सला मराठी कळत होतं, ती बाहेर निघून गेली. आम्ही दोघं हसलो. मग त्याने लंगडीचं विचारलं. मी शेजारणीला गांडुळं दाखवून आले होते, ती किळस करत करत देत होती. "आलं काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, इथे बसून मला काय दिसणार. शेजारणीला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, काकी, मी डोळे मिटून टाकते, मला काय माहीत. मी त्याला तेच सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं असं कल्पना म्हणते. आला, चांगला लांब आला, असं. पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी खोटं बोलले असते तर त्याला लगेच कळलं असतं की आपण मरतोय.

चार दिवसांनी ताप उलटला. पायाचं विष रक्तात गेलेलं होतं. शेवटी तो होडीवर होता. ओढा, ओढा म्हणत होता, खलाशांची नावं घेत होता, त्यातले निम्मे आधीच मेलेले. माझं नाव घेतलं नाही. मी होडीवर नव्हते.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, तांडेलाची काही इच्छा उरली नव्हती. मला माहीत होतं काय उरलं होतं. कावळ्याला भूक लागली होती.

त्यानंतर पाऊस. होड्या ओढून ठेवलेल्या, वर ताडपत्री. मी एकटी, भरलेली आगोट दोघांची. बोंबील संपता संपेनात. मिठाच्या गोणीला वरून एक खळगा पडलेला होता, बाब्याच्या ओंजळीचा. कल्पना म्हणाली, आई, ते मीठ टाकून दे. मी म्हटलं, मिठाने काय केलंय? पावसाळाभर तेच वापरलं. कालवण बरं झालं.

आषाढात कोंबाची काडी झाली. काडीला पुढे फाटे फुटले, केसासारखे. मग त्यांची बोटं झाली. आधी तो पाय जुन्यापेक्षा बारीक आणि फिका होता, तिला तो टेकवता यायचा नाही, पाण्यात नुसता लोंबायचा. पोळ्याच्या सुमाराला ती त्यावर भार देऊन कौलावर चढली. मी मडकं उचलून खुर्चीसमोर नेलं होतं. सवय होती. खुर्ची रिकामी होती, मी मडकं परत जागेवर नेऊन ठेवलं.

आता ती काचेच्या पेटीत आहे, त्याने विणलेल्या झाकणाखाली. पेटी मी धुऊन धुऊन गोड्या पाण्याची केली, पाच वेळा भरली आणि जिभेने बघून ओतली. ती जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीला आहे. उन्हाळ्यात दुपारी तिला पेटीतून काढते आणि मडक्यात ठेवते, मडकं वाळूत. लाइट गेली तरी मडक्याला फरक पडत नाही. चार पायांची झाली तरी नाव लंगडीच. कोणता पाय नवा ते आता मलाही सांगता येत नाही.

शेजारीण परवा म्हणाली, "काकी, ती पाल कशाला सांभाळता? काही बोलत नाही, काही देत नाही."

"तू सासूला सांभाळतेस ना?"

"सासू निदान शिव्या देते."

"मग तुझं नशीब चांगलं," मी म्हटलं.

कोणी विचारलं, पेटी कशी लावायची, तर मी सगळं सांगते. पाणी, कौल, झाकण, गारवा. आणि शेवटी सांगते की इथे लावू नका. हा त्यांचा मुलूख नाही. इथल्या उन्हात त्यांना जगवायचं म्हणजे रोज मरणाला दारातून परत पाठवायचं, आणि एक दिवस घरात कोणी नसतं. पण हिला आता कुठे पाठवू? ज्या थंड मुलखातून आली तो मला माहीत नाही. आमच्या ओढ्यात सोडली तर चैत्रापर्यंत उरायची नाही.

आज दुपारी वारा पडला तेव्हा मी मिठाची नवी गोण घरात घेतली. दाराआड ठेवली, तिथेच, तिची जागा तीच आहे. बाब्याने आणून दिली. "कुठे ठेवू, काकी?" असं त्याने विचारलं, आणि मग पेटीकडे बघून परत विचारलं, "इथेच ना? नक्की?" हल्ली तो सगळं दोनदा विचारतो.

त्या उन्हाळ्यात घरात पाच पाणपाली होत्या आणि दोन माणसं. लंगडी जगली आणि मी जगले.